निमंत्रकाची ओळ

पहिल्याच दिवशी मी अख्खं पान पुसून टाकलं.

धाकटी पुण्याहून फोनवर सांगत होती. "आई, आधी मजकूर सिलेक्ट कर. निळा झाला? आता कंट्रोल दाब आणि सी दाब." मी कंट्रोल दाबलं, सोडलं, मग सी दाबलं. निळा झालेला सगळा मजकूर नाहीसा झाला आणि कोऱ्या पानाच्या डोक्यावर एकटं इंग्रजी सी उभं राहिलं. सरावासाठी तिनं भडंगाची कृती पाठवली होती, तेव्हा नुकसान कुणाचंच झालं नाही.

"गेलं सगळं," मी म्हटलं.

"काय केलंस?"

"तू सांगितलंस तेच."

"अगं, कंट्रोल धरून ठेवायचं असतं!"

"मग धर म्हणायचं की. दाब म्हणालीस तू."

यात माझी चूक नव्हती असं मी अजूनही म्हणते. मी तीस वर्षं घरी शिवणकाम करते. गल्लीतल्या कितीतरी मुलींना मी ब्लाउज शिवायला शिकवलं. सुई आधी कापडात रुतव, मग दाबपट्टी खाली कर, मग पायडल मार, असं एकेक सांगावं लागतं. शिकवणाऱ्याला जे आपोआप येतं तेच नेमकं सांगायचं राहून जातं. हे मी तिला ऐकवलं, तर ती हसायला लागली आणि म्हणाली, "बरं बाई, चुकलं माझं. आता कंट्रोल धर आणि झेड दाब." मी धरलं, दाबलं, आणि भडंग परत आलं.

पुढचे आठ दिवस आमची शिकवणी दुपारी चालायची, तिची जेवणाची सुट्टी आणि माझी वामकुक्षी या वेळात. मला सगळ्यात खटकलं ते हे, की कॉपी केल्यावर पडद्यावर काहीही होत नाही. मजकूर जिथल्या तिथे. खट्ट आवाज नाही, खूण नाही. मग घेतलं की नाही हे कळायचं कसं? म्हणून मी सी चार-पाच वेळा दाबायची. "एकदा पुरे होतं," ती सांगायची. मला ते पटायचं नाही. उतरवतानाही तसंच. व्ही दाबल्यावर अक्षरं लगेच आली नाहीत की मी परत दाबायची, परत दाबायची, आणि मग तीच कृती पानावर चार वेळा. चार वेळा शेंगदाणे तळा. कात्रीचं चित्र होतं तिकडे मात्र मी बाण नेला नाही. कात्री काय करते ते मला कुणी शिकवायला नको.

आता हे सगळं अठ्ठावन्नाव्या वर्षी कशासाठी, ते सांगते.

कॉम्प्युटर माझ्या नवऱ्याचा. ते साखर कारखान्याच्या ऑफिसात होते. निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतला आणि सकाळचा चहा झाला की त्याच्यासमोर बसायचे. ते गेल्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर मी त्याला उरलेल्या छिटाचा एक अभ्रा शिवून घातला आणि तो तसाच झाकून राहिला. मग यंदा धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा चंदगडकडचा, तिच्याबरोबर पुण्यात नोकरीला. माणसं चांगली. तारीख निघाली, हॉल ठरला, आणि पत्रिकेची गोष्ट सुरू झाली.

धावपळ सगळी माझ्या धाकट्या दिरांनी अंगावर घेतली होती. त्यांना मी भावजी म्हणते. आचारी, मांडव, चंदगडची मंडळी उतरायची सोय, सगळं तेच बघत होते, आणि मनापासून बघत होते. एक दिवस जाता जाता म्हणाले, "वैनी, पत्रिकेचा मजकूर मी प्रेसमधी देऊन टाकतो. तुमी काळजी करू नगासा."

मला काळजी होती ती त्यातल्या एकाच ओळीची. निमंत्रकाच्या.

आमच्याकडे पत्रिकेत खाली मोठ्या अक्षरात ती ओळ असते. मुलीचे आईवडील बोलावतात, त्यांची नावं. वडील नसतील तर चुलता-चुलती बोलावतात. आई असली तरी. नवरा नसलेल्या बाईचं नाव शुभकार्याच्या पत्रिकेत वर घालत नाहीत. कुणी मन मोठं केलं तर शेवटी बारीक अक्षरांच्या गर्दीत कुठेतरी येतं. याला कुणी नियम म्हणत नाही, रीत म्हणतात. चारेक वर्षांपूर्वी माझ्या चुलतजावेच्या मुलाचं लग्न होतं. पत्रिका हातात आल्यावर मी दोनदा वाचली, तिचं नाव कुठेच नव्हतं. लग्नादिवशी बघितलं तर ती आतल्या खोलीत पानाचे विडे मोजत बसली होती. मी विचारलं, "अगं, तुझं नाव गं?" ती म्हणाली, "रीत हाय न्हवं," आणि परत मोजायला लागली. तेव्हा माझा नवरा बाहेर पाहुण्यांत बसला होता, म्हणून मला नुसतं वाईट वाटलं. राग यायला माझ्यावर वेळ यावी लागली.

थोरलीच्या पत्रिकेत मी होते. धाकटीच्या पत्रिकेत मी नसणार, हे मला सहन होईना. तिला मीच वाढवली. ते गेले तेव्हा तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा होती, मी तिला पेपरला हाताला धरून सोडून आले आहे. आणि आता तिच्या लग्नाला मी बोलवायचं नाही?

पण भांडायचं नाही, हेही ठरवलं. आमच्या घरात बाई भांडली की सगळे एकमेकांत म्हणतात, त्यांची तब्येत जरा बरी नाही. मी विचार केला, प्रेसला मजकूर जो देतो तोच नावं ठरवतो. तर मजकूरच मी द्यावा. थोरलीच्या लग्नाची पत्रिका ह्यांनी स्वतः कॉम्प्युटरवर केली होती, ती आत असणार. ती घ्यायची, नव्या पानावर उतरवायची आणि बदलायची. भावजींना म्हटलं, "मजकूर मी करते." ते बघतच राहिले.

"तुमाला येतंय हेचं?"

"शिकतीय."

"शिका, शिका," असं म्हणून ते हसले आणि हेल्मेट घालून गेले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. धाकटीलासुद्धा मी कारण सांगितलं नव्हतं.

फाइल शोधायला दोन दुपारी गेल्या. ह्यांची पद्धत अशी, की एक गोष्ट झाली तरी झाली म्हणायची नाही. 'पत्रिका अंतिम' होती. 'पत्रिका अंतिम दोन' होती. 'पत्रिका अंतिम खरी' होती. मी एकटीच हसले. त्या वेळी नावांच्या क्रमावरून केवढा गोंधळ झाला होता! माझ्या कुरुंदवाडच्या भावाचं नाव दोन नंबर खाली गेलं म्हणून तो फोन घेईना, आणि हे बिचारे एकेक नाव वर-खाली करत बसले होते. 'अंतिम खरी' उघडली आणि मी सगळं निळं केलं. कंट्रोल धरलं, सी एकदाच दाबलं. नवीन पान घेतलं, कंट्रोल धरलं आणि व्ही.

अख्खी पत्रिका एका दमात नव्या पानावर उतरली. मी लगेच जुन्या पानावर जाऊन बघितलं, तिथलं काही गेलं का म्हणून. काही गेलं नव्हतं. परत नव्यावर, परत जुन्यावर. असं तीनदा केलं. आपण नेलं आणि तरी मूळ जागचं हललं नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटली. इतकी वर्षं मी कापडात वावरले, आणि तिथे एकातून काढल्याशिवाय दुसऱ्यात येत नाही.

त्या पत्रिकेची भाषा वाचताना एक विचार मनात आला. कुलस्वामिनीच्या कृपेकरून, येणेप्रमाणे करण्याचे योजिले आहे, हे ह्यांनी काही स्वतः लिहिलं नव्हतं. त्यांनी कुणाच्या तरी पत्रिकेवरून घेतलं असणार, त्या कुणी आणखी कुणाच्या. घरात कुणीही 'योजिले' म्हणत नाही, पण पत्रिकेत ते असतंच, कारण आधीच्या पत्रिकेत होतं. बाईचं नाव गाळायचंही तसंच उतरत आलं असेल. पहिल्यांदा कुणी गाळलं आणि का, हे आज कुणाला विचारलं तर सांगता येणार नाही.

मग मी कामाला लागले. रोज दुपारी तासभर. मुलीचं नाव बदललं, मुलाचं बदललं, त्याच्या आईवडलांचं, गावाचं. तारीख, मुहूर्त, हॉल. 'ज्येष्ठ कन्या' होतं तिथं 'कनिष्ठ कन्या' केलं. एकदा मामांची नावं कॉपी करून घेतली आणि उतरवायच्या आधी हॉलचा पत्ता कॉपी केला, तर मामांच्या जागी हॉल आला. धाकटी म्हणाली, "एका वेळी एकच राहतं त्यात, शेवटचं." किलबिल म्हणून खाली पोरांची नावं असतात. सहा वर्षांपूर्वीच्या त्या किलबिलीला आता मिशा फुटल्या होत्या, त्यांना काढून थोरलीच्या मुलीला घातलं. सासरचे एक चुलते मधल्या काळात वारले होते. त्यांना 'स्नेहांकित'मधून उचलून वर आशीर्वादात नेलं आणि नावाआधी 'कै.' लावलं. माझ्या भावाचं नाव या वेळी पहिलं ठेवलं. मला वाटलं, हे काम आपल्याला चांगलं जमतंय.

सगळ्यांत शेवटी निमंत्रकाच्या ओळीपाशी आले. माझं नाव आहे का बघितलं. होतं. ओळीच्या सुरुवातीलाच, मोठ्या अक्षरात. मला इतकं बरं वाटलं! त्या ओळीखाली मी भावजींचं आणि जावेचं नाव घातलं, त्यांचाही मान राहिला पाहिजे म्हणून. मग सगळं निळं केलं, कॉपी केलं, आणि धाकटीनं कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप लावून दिलं होतं त्यात घरच्या ग्रुपवर उतरवलं. खाली लिहिलं, 'मजकूर तपासून सांगावे.'

दोन मिनिटांत अंगठे आले. हात जोडलेले आले. थोरलीनं लिहिलं, 'आई तू केलंस हे? भारीच!' कुरुंदवाडच्या भावानं तर लगेच आमच्या माहेरच्या ग्रुपवर पुढे धाडलं, स्वतःचं नाव पहिलं बघून. मी उठून चहा टाकला. चहाला उकळी येईतो ग्रुपवर सामसूम झाली होती.

मग जावेचा फोन आला. ती मला आक्का म्हणते.

"आक्का, जेवण झालं न्हवं?"

"झालं की केव्हाच. पत्रिका बघितली का?"

"बगितली. लई चांगली केलीसा. तेवढी निमंत्रकाची ओळ बगा की एकदा."

"का? तुमची नावं आहेत की खाली."

"आमची न्हवं ओ. वरची."

फोन कानाला तसाच धरून मी कॉम्प्युटरपाशी गेले आणि ओळ वाचली. सौ., मग माझं नाव, मग व, मग श्री., मग त्यांचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. मला पहिल्यांदा वाचून काहीच कळलं नाही. ती ओळ बरोबरच होती. पस्तीस वर्षं आहेर-पाकिटांवर, पूजेच्या आमंत्रणांवर, वास्तुशांतीच्या पत्रिकेवर मी ती अशीच वाचत आले होते. मग सौ. दिसलं. मग श्री. दिसलं. वर मुलीच्या ओळीत बघितलं तर तिथंही, श्री. अमुक यांची कनिष्ठ कन्या. कनिष्ठ मी आठवणीनं केलं होतं. चुलत्यांना आठवणीनं कैलासवासी केलं होतं.

"बघते," म्हणून मी फोन ठेवला.

माझ्याकडे बायका मापाला जुनं ब्लाउज घेऊन येतात. मी त्यांना झापते, "बाई, हे कधीचं आहे? अंग तेवढंच राहतं का?" आणि टेप काढून नवीन माप घेते. मी स्वतः जुन्या मापावर सगळी पत्रिका बेतली होती. लाजेनं कान गरम झाले. ग्रुपवरचं काढून टाकावं म्हणून धडपड केली, पण ते कसं काढतात हे मला शिकवलं नव्हतं, आणि काढून तरी काय, कुरुंदवाडला पोचलं होतं.

आणि खरं सांगायचं तर लाज ओसरल्यावर मी ती ओळ बंद केली नाही. समोर ठेवून बसून राहिले. ती मला आवडत होती. तिच्यात सगळं जागच्या जागी होतं. आपलं नाव असावं एवढाच हट्ट घेऊन मी बसले होते आणि त्या नावाच्या मागेपुढे काय आहे ते माझ्या डोळ्यांनी बघितलंच नाही. बघायचं नव्हतं म्हणूनही असेल. मी तिथं एकटीच रडले, आवाज न करता, कारण समोरच्या दारात शेजारीण ज्वारी निवडत होती.

धाकटीचा फोन आला. "आई, मी बघितलं मघाशीच. मी काही बोलले नाही."

"सांगायचं नाहीस का गं?"

"मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलंयस."

मी तिला संध्याकाळी फोन करते म्हटलं.

चारच्या सुमाराला भावजी आले. मी मनात सगळी तयारी करून बसले होते. ते म्हणणार, वैनी, झालं न्हवं व्हायचं ते, आता द्या हिकडं, मी बघतो. आणि निमंत्रकात आमची नावं घालू, रीतच हाय. मी काय उत्तर द्यायचं तेही पाठ केलं होतं. ते आले, खुर्चीत बसले, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. आमचे भावजी गप्प बसले की घर अनोळखी वाटतं. रस्त्यावरच्या माणसाशीसुद्धा ते तीन घरं ऐकतील एवढ्या मोठ्यानं बोलतात.

"वैनी," शेवटी म्हणाले, "मी दुकानात हुतो. मोबाइलवर वाचली. सगळी वाचली. मला कायबी चुकल्यालं दिसलंच न्हाई. अंगठा बी टाकला मी. मग घरात ही म्हणाली, तवा ध्येनात आलं."

"चूक झाली माझी. मी दुरुस्त करते."

"नगा करू."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"ऱ्हाऊ द्या तसंच," ते म्हणाले. "दादाचं नाव कसं वर हाय बगा. तसंच छापू. कोण काय बोललं तर मी हाय. छापणाऱ्याची चूक म्हणू. आमचं नाव बी नको खाली. तुमा दोघांचंच ऱ्हाऊ दे." आणि डोळ्याला रुमाल लावला. पंचावन्न वर्षांचा माणूस, दोन पोरांचा बाप.

क्षणभर मला हो म्हणावंसं वाटलं. हो म्हटलं असतं तर सगळंच मिळत होतं. माझं नाव वर राहत होतं, मोठ्या अक्षरात, आणि तेही कुणाशी न भांडता. त्यांचं नाव राहत होतं. मग मला राग आला. इतके दिवस गिळलेला होता तो सगळा आला.

"भावजी, एक विचारू? ही चूक झाली नसती तर निमंत्रकात कुणाची नावं घालणार होता तुम्ही?"

ते हेल्मेटकडे बघायला लागले. "आमची. रीतीपरमाणं."

"आणि माझं?"

"वैनी, तसं कुठं असतंय..."

"म्हणजे मी आहे तशी पत्रिकेत चालत नाही, आणि खोटी असले तर चालते?"

मी एवढ्या जोरात बोलले की दारातल्या शेजारणीचा हात थांबला. मी म्हटलं, "लग्नादिवशी हॉलच्या दारात मी उभी असणार. चंदगडची माणसं पत्रिका हातात घेऊन येणार. ती सौ. कुठे आहेत म्हणून विचारलं तर मी कुणाकडे बोट दाखवू? ती बाई मी होते. मला काय ती आवडत नव्हती? पण आता नाही ना मी ती."

भावजींनी उठून माठातलं पाणी आणून दिलं, तेही न सांगता.

पेला परत घेताना त्यांनी विचारलं, "मग काय लिवणार?"

"माझं नाव. त्याखाली तुमचं दोघांचं."

"एकटीचं?"

"एकटीचं."

"लोक बोलतील, वैनी."

"बोलू देत."

"मला काय हे पटल्यालं न्हाई बगा," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली, चष्मा लावला. "लिवा."

मी आधी मुलीच्या ओळीवर गेले. 'श्री.' काढलं. तिथं 'कै.' लिहायचं होतं. तीन वर्षांत ते अक्षर त्यांच्या नावाआधी मी शंभर ठिकाणी वाचलं असेल. वर्तमानपत्रात आलं होतं, फोटोखाली आहे, वर्षश्राद्धाच्या निरोपात होतं. पण ते सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं. कारखान्याच्या कागदांवर भावजींनीच लिहिलं होतं, मी फक्त सह्या केल्या. स्वतःच्या हातानं लिहायची ही पहिलीच वेळ. मी ते लिहिलं. टिंब दिलं. चुलत्यांच्या नावाआधीचं 'कै.' उचलून आणता आलं असतं हे मला माहीत होतं, पण आणलं नाही.

मग खाली आले. 'सौ.' काढलं, 'श्रीमती' घातलं. माझं नाव होतं तिथंच ठेवलं. पुढचं 'व' काढलं, 'श्री.' काढलं, त्यांचं नाव काढलं, सासऱ्यांचं नाव काढलं. आडनाव राहू दिलं. प्रत्येक वेळी एकेक अक्षर मागे मागे खाल्लं जात होतं आणि भावजी शेजारी जोरजोरात श्वास घेत होते. शेवटी ओळीत माझं नाव उरलं आणि आडनाव, आणि मधे जागा.

"मधलं नाव ऱ्हायलं की," भावजी म्हणाले.

राहिलं होतं. बाईचं पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. बँकेत, रेशनकार्डावर, मतदार यादीत माझं असंच आहे, पण पत्रिकेत कधी ते पूर्ण लिहायची वेळ आली नव्हती. तिथं मी नेहमी 'सौ.' आणि 'व' यांच्या मधली होते. मी टाइप करायला बोट उचललं, पण त्यांच्या नावात चूक व्हायला नको होती. म्हणून परत वर गेले, मुलीच्या ओळीत त्यांच्या नावावर बाण नेला आणि दोनदा दाबलं. तेवढंच नाव निळं झालं. आधीचं 'कै.' पांढऱ्यावर बाहेर राहिलं. मी कंट्रोल धरलं, सी दाबलं. खाली आले, माझ्या नावापुढे रेघ लुकलुकत होती तिथं व्ही दाबलं.

भावजींनी चष्मा सारखा केला आणि ओळ मोठ्यानं वाचली, श्रीमतीपासून आडनावापर्यंत. पस्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. वाचून झाल्यावर ते तिथंच बघत राहिले.

मला एकदम शंका आली. "मधे कै. नको ना लावायला?"

"मधल्या नावाला कोण लावतंय, वैनी?" भावजी म्हणाले. "तशी रीतच न्हाई."